पंचनामा बांधावरून लिहू नको

बाळा,

फोनवर तुझा आवाज थरथरत होता. मेंढरांनी एका रात्रीत डाळिंबाचे खालचे फुटवे ओरबाडले, ठिबकच्या नळ्या तुडवल्या, राग येणारच. पोलिसात जायला मी अडवत नाही. पण आधी रानात उतर, एकेक झाड मोज.

हे सांगतोय कारण मी स्वतः चुकलोय. तलाठी असताना सोलापूरजवळच्या नान्नजकडं ज्वारीचा एक पंचनामा मी बांधावर उभा राहूनच लिहिला. शेतकरी मेंढरं म्हणाला, मीही मेंढरंच लिहिली. धनगरानं दोन मेंढ्या विकून भरपाई भरली. पुढच्या आठवड्यात त्याच रानात आत गेलो. खुरांचे ठसे निमुळते, टोकदार. लेंड्यांचा एकाच जागी ढीग. मेंढरू चालता चालता लेंड्या सांडत जातं. असा ढीग काळवीट करतं. तोवर धनगरांचा वाडा, म्हणजे कळपासकट मुक्काम, पुढं निघून गेला होता. ते पैसे त्याला कधीच परत मिळाले नाहीत. अजून झोप मोडते माझी.

तुझ्या रानात मेंढरंच होती, मान्य. मग भरपाई माग, हक्कानं माग. कोंडवाड्याचा कायदा 1871 पासून आहे. फक्त एक ध्यानात ठेव, मेंढी कोंडली की तिचं कोकरू वाड्यावर उपाशी ओरडत राहतं. पंचांसमोर बसून हिशेब झाला तर तोच बरा.

आणि तो माणूस दरवर्षी तुझ्याच शिवारात का येतो, हेही समजून घे. आपला मुलूख रब्बीचा. मृगापासून पेरणीपर्यंत काळं रान मोकळं पडायचं. दिवाळीनंतर घाटाकडं गेलेले वाडे पावसाच्या तोंडाला माघारी यायचे ते याच रानात. तुझे आजोबा धान्य देऊन मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. कुणाचं रान आधी, यावरून भावकीत रुसवे व्हायचे. 1980 साली उजनी धरण झालं, पाणी आलं, ऊस आला. माळावर डाळिंब आलं. चांगलंच झालं, आपली पोरं त्यावर शिकली. पण ऊस बाराही महिने उभा आणि डाळिंब तर वर्षानुवर्षं. रान मोकळं व्हायचंच थांबलं. गायरानावर घरं झाली. मेंढरांची जुनी वाट आता तुझ्या कुंपणातून जाते. गाव नकाशा काढून बघ, मग माझं पटेल.

म्हणून वाट ठरवा. ओढ्याकडेचा पट्टा कुणी अडवायचा नाही, कळप रात्री कुठं बसेल हे आधी ठरेल, एवढं ग्रामसभेत लिहून घ्या. पडीक रान असलेले चारजण खतासाठी आजही मेंढरं बसवून घेतील, मी विचारलंय त्यांना.

रविवारी सांगोल्याच्या बाजारात वाड्याचा कारभारी भेटेल. वयानं मोठा आहे, अहो-जाहो बोल. आणि डाळिंबावर पुढची फवारणी कधी आहे, ती तारीख त्याला सांग. औषध मारलेल्या बागेत कळप शिरला तर सकाळी मेंढरं मरून पडलेली दिसतील, आणि त्याचा पंचनामा तुझ्या रानात होईल.

तुझा,
काका