कापडाचं पार्सल : विचारून, मापून, चिठ्ठी घालून

गोधडी आणि पॅचवर्क करणाऱ्या मैत्रिणी एकमेकींना कापड पाठवतात, त्याविषयीची बरीच पत्रं या महिन्यात आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : नागपूरची मैत्रीण नुकतीच पॅचवर्क शिकू लागली आहे. माझ्याकडे सुती तुकड्यांचं गाठोडं पडून आहे. तिला न सांगता पाठवून चकित करावं म्हणते. किती पाठवू, कुठल्या मापाचं, धुवून की कोरं? (कोथरूड)

चकित करायचं असेल तर चिवड्याने करा, कापडाने नको. शिवणाऱ्या बाईकडे कापड कमी नसतं, जागा कमी असते. आधी फोन करा आणि दोन गोष्टी विचारा : ती फक्त सुतीच वापरते का, आणि सध्या तिला कुठल्या रंगाची चणचण आहे. नवशिक्या माणसाकडे फुलाफुलांचे प्रिंट ढीगभर जमतात. पांढरा, मोतिया, राखाडी, गडद निळा असे एकरंगी मात्र सारखे संपतात. गाठोड्यापेक्षा अर्धा मीटर मोतिया केंब्रिक (बारीक विणीचं सुती कापड) तिच्या जास्त कामी येईल.

गाठोडं आहे तसं पाठवूच नका. मागितल्याशिवाय पाच इंचांहून लहान तुकडा पाठवू नये. पॅचवर्कमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे दोन इंचांचा चौकोन जोडल्यावर दीडच इंच दिसतो. तिरके, काखेच्या किंवा गळ्याच्या कापातून उरलेले तुकडेही नकोत. आडव्या-उभ्या धाग्याला धरून कापलेलं नसेल तर कापड शिवताना ताणतं आणि ब्लॉक (तुकडे जोडून केलेला चौकोन) वेडावाकडा होतो.

भेट म्हणून सगळ्यात सोयीचं माप म्हणजे फॅट क्वार्टर. मूळ माप १८ × २२ इंच. आपल्याकडे कापड मीटरने मिळतं, त्यामुळे ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) अर्धा मीटर घ्या आणि पन्ह्यात मधोमध कापा. साधारण ५० × ५५ सेंमीचे दोन तुकडे होतील आणि एकेका तुकड्यातून पाच इंचांचे १२ चौकोन निघतील. कापड ३६ पन्ह्याचं असेल तर असंच कापून ९ चौकोनच निघतात, म्हणून पन्हा तिला कळवा. किनार कापून टाकू नका. तिच्यावर रंगांचे ठिपके किंवा मिलचं नाव असतं, पुढे तेच कापड शोधायला त्याचा उपयोग होतो. माप सांगताना मात्र किनार सोडून सांगा. तिथली वीण घट्ट असते आणि ती वेगळी आटते, त्यामुळे ती शिवणीत घेत नाहीत.

आता धुण्याचं. याबाबतीत शिवणाऱ्यांचे दोन तट आहेत आणि दोन्हींचं म्हणणं रास्त आहे. कोऱ्या कापडाला खळ असते, ते कडक राहतं आणि नेमकं कापलं जातं. धुतलेलं कापड आधीच आटलेलं असतं. घोळ होतो तो दोन्ही एकाच गोधडीत मिसळल्यावर. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटतं, हातमागाचं त्याहून जास्त. मग कोरे तुकडे आकसतात, शेजारचे धुतलेले फुगतात आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. म्हणून मोठा तुकडा कोराच पाठवा आणि चिठ्ठीत ‘कोरं’ असं लिहा. घरात वापरलेलं असेल तर धुवून, इस्त्री करून पाठवा आणि ‘धुतलेलं’ असं लिहा. कापलेले चौकोन कधीच धुऊ नका. कडा उसवतात आणि माप जातं.

रंग जातो का, हे तपासणं पाठवणारीचं काम आहे. लाल, गडद निळा, काळा, मरून या रंगांवर आणि नीळ, अजरख, बाटिक या प्रकारांवर विश्वास ठेवू नये. दोन इंचांचा तुकडा ओला करा, पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर डाग उमटला तर चिठ्ठीत तसं लिहा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो, ही समजूत सोडून द्या. आजच्या बहुतेक रंगांवर मिठाचा काही परिणाम होत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पाठवलेलं पार्सल ओलं पोचलं, दोन तुकड्यांवर गंजाचे डागही होते. बांधायचं कसं? (हडपसर)

गंज टाचण्यांचा किंवा स्टेपलरच्या पिनांचा. तुकडे एकत्र ठेवायला धातूचं काहीच वापरू नका. रबरबँडही नको, तो उष्णतेने वितळून कापडाला चिकटतो. कापडाचीच अर्धा इंच पट्टी काढून सैल बांधा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते, आणि पांढऱ्यावर उतरली तर निघत नाही.

घड्या पार्सलच्या आकाराच्या घाला, म्हणजे आत सरकत नाहीत. कापड आधी दिवसभर पंख्याखाली ठेवा. जुलैच्या हवेत कपाटातलं कापडही दमट असतं, ते तसंच प्लॅस्टिकमध्ये बंद केलं की आठवड्यात कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. मग प्लॅस्टिकची एक पिशवी, हवा काढून, तोंड चिकटवून. त्यावर जाड कागदी पाकीट किंवा खोका. पूर्वी पार्सल मांजरपाटात शिवून लाखेने मोहोर करत. अजूनही कुणी तसं करत असेल तर ते मांजरपाट फेकू नका, अस्तराला उत्तम.

डांबरगोळ्यांचा वास धुऊनही हटत नाही आणि कुणाला त्याने डोकं धरतं, म्हणून कपाटात डांबरगोळ्या असतील तर कापड चार दिवस उघड्यावर ठेवा. उदबत्ती, अत्तर, सिगरेट यांचंही तेच. घरात मांजर असेल तर चिकटपट्टी उलटी करून केस काढा. मैत्रिणीला ॲलर्जी आहे की नाही, हे बहुधा आपल्याला ठाऊक नसतं.

आत एक चिठ्ठी हवीच, आणि तिच्यावर दोघींचा पत्ता, पिनकोड, फोन. बाहेरचा कागद भिजून फाटला तर तीच पार्सलला वाचवते. पोस्टाची रजिस्टर्ड सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर ‘रजिस्टर करा’ म्हटलंत तरी स्पीड पोस्टच मिळेल. पावतीवरचा क्रमांक मैत्रिणीला लगेच पाठवा. वजनाचा अंदाज असा : ४४ पन्ह्याचं एक मीटर केंब्रिक १०० ते १४० ग्रॅम, फॅट क्वार्टर ३० ग्रॅमच्या आसपास.

प्रश्न : तुळशीबागेतून आणलेल्या खणाचे तुकडे बाहेरगावच्या मैत्रिणींना पाठवावेत का? (सदाशिव पेठ)

पाठवा, पण ते खण आहेत एवढ्यावर थांबू नका. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा मूळ खण सुती-रेशमी असतो. बाजारात आता पॉलिस्टरचा खूप आहे आणि दिसायला सारखाच. कडेचे चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राखाडी राख पडते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. हे मोरीत, पाण्याची वाटी शेजारी ठेवून करा.

हा तपास का, तर पॅचवर्कमध्ये प्रत्येक शिवणीवर कडक इस्त्री फिरते. सुतीच्या तापमानाला पॉलिस्टर चकाकतं, आखडतं, कधी तळाला चिकटतंही. शिवाय खण फार उसवतो. पाव इंचाच्या शिवणीत त्याचे धागे सुटून बाहेर येतात. म्हणून खणाचा तुकडा मापापेक्षा दोन्हीकडून अर्धा इंच मोठा कापा आणि ‘मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावून मग काप’ असं लिहा. फ्यूजिंग स्वतः लावून पाठवू नका. कुणाला हाताने टाके घालायचे असतात, आणि फ्यूजिंगमधून सुई जाताना बोटं दुखतात.

प्रश्न : आम्ही बारा जणी प्रत्येकी पाच इंची चौकोन एकमेकींना पाठवणार आहोत. वाद होऊ नयेत म्हणून काय ठरवावं? (औंध)

माप, कापडाचा प्रकार, शेवटची तारीख, खर्च कोणाचा. हे चार मुद्दे लेखी ठरवा, बाकी आपोआप सुरळीत होतं.

भांडण बहुतेक वेळा मापावरून होतं. एकीचे चौकोन एक अष्टमांश इंच जरी लहान असले तरी दहा चौकोनांच्या ओळीत सव्वा इंचाचा फरक पडतो आणि ती ओळ शेजारच्या ओळीला जुळत नाही. सगळ्यांनी एकाच प्रकारची पारदर्शक पट्टी आणि रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) वापरावा. कात्रीने कापायचं असेल तर पुठ्ठ्याचा साचा कुणी एकीने करून सगळ्यांना द्यावा, कारण प्रत्येकीने स्वतःचा केला की पुन्हा तोच गोंधळ. नागमोडी कात्रीने कापलेल्या कडेचं माप टोकापासून घ्यायचं की खाचेपासून, हेही ठरवावं लागतं. टोकापासून घ्या.

प्रत्येकीने एकाच प्रिंटचे १२ चौकोन कापून गोळा करणारीकडे द्यायचे. तिने बारा ढीग लावून प्रत्येकीला बारा वेगवेगळे परत पाठवायचे. एका फॅट क्वार्टरमधून नेमके बारा निघतात, पण हात चुकला तर भरपाईला कापड उरत नाही, म्हणून पाऊण मीटर घ्या. परतीच्या टपालाचे पैसे गोळा करणारीला आधीच यूपीआयने द्या, तिच्या घरची माणसं तोंडाने बोलत नाहीत एवढंच. आणि तिचा तेरावा चौकोन विसरू नका, मेहनत तिची असते.

प्रश्न : अमेरिकेतल्या भाचीला आणि ऑस्ट्रेलियातल्या मैत्रिणीला कापड पाठवायचं आहे. सीमाशुल्काच्या फॉर्मवर काय लिहावं? (बाणेर)

‘भेट’ एवढंच लिहिलं तर पार्सल उघडलं जाऊ शकतं. ‘न शिवलेलं सुती कापड, १०० टक्के कापूस, सहा तुकडे’ असं लिहा, वजन आणि खरी किंमत घाला. २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरपर्यंतच्या सुती कापडाचं सीमाशुल्काचं वर्गीकरण (एचएस क्रमांक) ५२०८ खाली येतं, रेशमी कापडाचं ५००७ खाली. किंमत शून्य लिहू नका, आणि कमीही दाखवू नका. पार्सल हरवलं तर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त भरपाई मिळत नाही.

अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची करमाफी काढून घेतली. खासगी भेटीसाठीची १०० डॉलरची सवलत वेगळी आहे, तेव्हा एका पार्सलात तिच्या आत राहा. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ३९ पौंड आहे, युरोपीय संघात ४५ युरो. हे नियम सारखे हलत असतात, पैसे भरण्याआधी पोस्टाच्या खिडकीवर विचारलेलं बरं.

ऑस्ट्रेलियाच्या पार्सलात कडुलिंबाचा पाला, वेखंड, सुकी फुलं, बिया यातलं काही घालू नका. कसर लागू नये म्हणून आपण पाला घालतो, पण वनस्पतीचा अंश तिथे जैवसुरक्षेच्या तपासणीत अडतो आणि कापडही त्यात अडकतं. न्यूझीलंडलाही तेच लागू आहे.

उलट बाजूही लक्षात असू द्या. १२ डिसेंबर २०१९ पासून भारतात टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंना करमाफी नाही, राख्या आणि जीवरक्षक औषधं एवढाच अपवाद. परदेशातल्या मैत्रिणीने कापड पाठवलं तर पुण्यात दार उघडून पैसे तुम्हाला भरावे लागतील. हे तिला आधी सांगण्यात काही गैर नाही. दिवाळीला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून आणवणं स्वस्त पडतं.

प्रश्न : आई गेल्यावर तिच्या सुती नऊवारी साड्या मावशींना गोधडीसाठी पाठवायच्या आहेत. अख्ख्या पाठवू की कापून? (सहकारनगर)

मावशींना विचारल्याशिवाय कात्री लावू नका. कुणाला काठ हवे असतात, कुणाला पदर, कुणाला अख्खी साडीच घरात ठेवायची असते. कापायचं ठरलं तर आधी साडी खिडकीसमोर धरा. विरलेला भाग उजेडात जाळीसारखा दिसतो. खालचा काठ घासलेला असतो, निऱ्यांच्या घड्यांवर कापड कमकुवत झालेलं असतं. मधला, कमरेभोवती आत राहिलेला भाग सहसा धड निघतो. अंगठ्यांनी हलकं ताणून पाहा. फाटला तर तो भाग वेगळा काढा. शिवून गोधडी धुतल्यावर तिथेच भोक पडेल.

डाग राहिला तर राहू द्या, पण कुठे आहे ते टाचणीने नव्हे, रंगीत दोऱ्याच्या एका सैल टाक्याने दाखवा. प्रत्येक साडीला कागदाची पट्टी बांधून कुठली, केव्हाची ते लिहा. काही ठाऊक नसेल तर ती पट्टी कोरी ठेवा, मावशी भरतील.

प्रश्न : एका मैत्रिणीने पाठवलेलं कापड मला बिलकूल नको आहे. काय म्हणू? तिला परतभेट पाठवायलाच हवी का? (बिबवेवाडी)

पार्सल मिळाल्याचं त्याच दिवशी कळवा, फोटोसकट. ‘मिळालं, धन्यवाद’ पुरे. खोटं कौतुक करू नका, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच रंगाचं दुप्पट येईल. रिकामा डबा परत करू नये ही सवय कापडाला लावायची गरज नाही. कापड दुसरीला दिलं तरी चालतं, फक्त पाठवणारीच्या ओळखीतल्या कुणाला देऊ नका. आणि पाठवणाऱ्यांनी ‘त्याचं काय शिवलंस?’ हे सहा महिन्यांत एकदाही विचारू नये.