मुलगा सज्ञान होईपर्यंत कशावरही सही करू नका

कायदेविषयक सल्ला
लंडन, ऑगस्ट 1722

प्रश्न : नॉरफॉकमध्ये माझी वडिलोपार्जित इस्टेट आहे, वर्षाचा खंड 1,200 पौंडांच्या आसपास. 1700 साली माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी सेटलमेंट, म्हणजे इस्टेट कुणानंतर कुणाकडे जाईल हे ठरवणारा दस्त, करून दिलं. जुलै 1720 मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर घेण्यासाठी मी इस्टेट गहाण टाकून 5,000 पौंड उचलले. शेअर बुडाले, आता सावकार मुद्दल मागतो आहे. मुलीचं लग्न ठरलं आहे आणि व्याह्यांना नाताळच्या आत 2,500 पौंड रोख हवेत. थोरला मुलगा येत्या 6 नोव्हेंबरला एकवीस वर्षांचा होईल. त्यानेही लंडनमध्ये थोडी उधारी केली आहे. कडेची दोन शेतं विकू का? की लंडनच्या एका सोनाराकडून दुसरं गहाण काढू? की ओक तोडून विकू? की सरळ चॅन्सरी कोर्टात जाऊ? शिवाय धाकटा मुंबईला जायचं म्हणतो.

उत्तर : साउथ सीच्या शेअरचा बुडबुडा फुटल्यापासून अशी पत्रं येतच आहेत. परगणा बदलतो, व्याह्यांचा आकडा बदलतो, बाकी तेच. नऊशेच्या वर असलेला भाव सप्टेंबर संपता संपता दोनशेच्या खाली कसा आला, हे मला कुणी पुन्हा सांगू नये आणि मीही तुम्हाला सांगत बसत नाही.

तुमच्या लांबलचक पत्रात कामाची ओळ एकच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. सेटलमेंटमध्ये इस्टेट दिली आहे ती ‘तुम्हाला हयातभर, तुमच्यानंतर पहिल्या मुलाला आणि त्याच्या पुरुष वंशजांना’. म्हणजे वडिलांनी तुम्हाला जमिनीचं उत्पन्न दिलं, जमीन दिली नाही. खंड घ्या, वाड्यात राहा, शिकार करा. पण विकायला तुमच्याकडे तुमच्या आयुष्याखेरीज काही नाही. शेतं विकली तर घेणाऱ्याला ती तुम्ही जिवंत असेपर्यंतच मिळतील. वीस-पंचवीस वर्षांच्या खंडाइतका भाव मोजणारा माणूस पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या श्वासावर पैसे लावणार नाही.

हेच गहाणालाही लागू आहे, आणि सावकाराची घाई त्यातूनच आली आहे. दोन वर्षांनी का होईना, त्याच्या वकिलाने सेटलमेंट वाचलेलं दिसतं. तुमचा प्राण गेला की त्याचं तारणही गेलं, हे त्याला कळलं आहे. तुम्ही मात्र गहाणखतात आपण पूर्ण मालक असल्याची हमी देऊन मोकळे झालात. ती हमी खोटी ठरली, आणि तिच्यासाठी तुम्ही जातीने जबाबदार आहात. वीस वर्षं पेटीत पडलेला कागद सही करण्यापूर्वी एकदा उघडून वाचायला किती वेळ लागला असता?

इथे एका प्रश्नाचं उत्तर मला उलट टपाली हवं आहे. गहाणाच्या वेळी फक्त लीज आणि रिलीजचे, म्हणजे हक्क पुढे देण्याचे साधे खाजगी कागद झाले, की कोर्टात फाइनही नोंदवली? ही फाइन म्हणजे दंड नव्हे. कॉमन प्लीज कोर्टात लुटुपुटूचा दावा लावून केलेली, कायमची नोंदलेली तडजोड. लीज-रिलीज झाली असेल तर काळजी नाही. तो दस्त निरुपद्रवी असतो. तुमच्याकडे जेवढं होतं तेवढंच त्याने पुढे जातं. पण हयातीपुरता हक्क असलेल्या माणसाने पूर्ण मालक म्हणून फाइन दिली, तर तो स्वतःचा हयातीचा हक्कही गमावून बसू शकतो, आणि सेटलमेंटमध्ये नेमलेल्या विश्वस्तांना जमिनीत शिरण्याचा अधिकार मिळतो. पत्नीचा हक्क मोकळा करण्यासाठी गहाणदार अशी फाइन मागतात म्हणून विचारतो. फाइन झालेली असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि स्वतः लंडनला या.

झालेली नसेल असं धरून पुढे जातो.

या गाठीतून सुटण्याची वाट एकच आहे, आणि ती 6 नोव्हेंबरला उघडते. त्या दिवशी तुम्ही आणि मुलगा मिळून कॉमन रिकव्हरी करून घेऊ शकता. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हा प्रकार कधी पाहिला नसेल तर थोडक्यात असा : आधी तुम्ही दोघं दस्ताने जमीन एका विश्वासू माणसाच्या नावे करता. दुसरा विश्वासू माणूस त्याच्यावर दावा लावतो की जमीन माझी. पहिला म्हणतो, मला ती या मुलाने दिली, त्याला विचारा. मुलगा म्हणतो, मला ती कोर्टाच्या पुकारेवाल्याने दिली, त्याला विचारा. पुकारेवाला बोलणी करण्याच्या मिषाने बाहेर जातो आणि परत येत नाही. मग निकाल लागतो : जमीन दावेदाराची, आणि मुलाला पुकारेवाल्याकडून तेवढ्याच मोलाची दुसरी जमीन मिळावी. पुकारेवाल्याकडे वीतभर जमीन नसते, हे न्यायाधीशांसकट सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या कागदी जमिनीच्या बदल्यात वंशपरंपरेचं बंधन तुटतं, जमीन मोकळी होते, आणि आधीच ठरल्याप्रमाणे तुमच्या सांगण्यावरून तिची विल्हेवाट लागते. शहाणी माणसं हे गंभीर चेहऱ्याने गेली अडीचशे वर्षं करत आली आहेत. मला हसू येतं, पण यातून मिळणारा हक्क पक्का असतो.

यात मुलाची सही लागते, आणि सज्ञान नसलेल्या मुलाची सही कामाची नाही. पार्लमेंटकडून खाजगी कायदा करून घेता येईल असं तुमच्या स्टुअर्डने, म्हणजे इस्टेटीच्या कारभाऱ्याने, सुचवलं आहे. येतो. पण अर्ज आधी दोन न्यायाधीशांकडे तपासायला जातो, मग उमराव, मग कॉमन्स, आणि पायरीपायरीवर फी. तो कायदा पास होईपर्यंत तुमचा मुलगा एकवीसचा झालेला असेल. स्टुअर्डला गाई मोजू द्या.

आता वेळेचं गणित पाहा. मायकेलमस टर्म, म्हणजे कोर्टाचं शरद ऋतूतलं सत्र, 23 ऑक्टोबरला उघडते आणि 28 नोव्हेंबरला मिटते. म्हणजे मुलगा सज्ञान झाल्यापासून तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. ते हुकले तर कोर्ट पुन्हा बसेल 23 जानेवारीला, हिलरी टर्ममध्ये. व्याह्यांचा नाताळ तेव्हा होऊन गेलेला असेल, पण मला त्यांची काळजी नाही. काळजी मुलाच्या त्या ‘थोड्या उधारी’ची आहे.

लंडनमध्ये इस्टेटीच्या वारसाला उधार देणारी माणसं काय करतात ते मी रोज बघतो. आज शंभर द्यायचे आणि बाप गेल्यावर पाचशे, असं लिहून घ्यायचं. अज्ञान मुलाच्या त्या कागदाला आज फारशी किंमत नाही, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून ते त्याच्या वाढदिवसाची वाट पाहत आहेत. 6 तारखेच्या संध्याकाळी पंच या मद्याचा वाडगा पुढे ठेवून त्याच्याकडून तोच कागद नव्याने लिहून घेतला जाईल. अशा सौद्यांकडे चॅन्सरी संशयाने बघते आणि काही रद्दही करते, पण कोणते आणि किती वर्षांनी, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याहून वाईट म्हणजे तो एकटाच फाइन देऊन आपल्या पुढच्या हक्काचा तुकडा कुणाला विकून बसू शकतो. फ्लीट तुरुंगाच्या आसपास पाद्री तासाभरात लग्न लावून देतात, ती भीती वेगळीच. तेव्हा मुलाला ऑक्टोबरच्या आतच नॉरफॉकला बोलावून घ्या.

त्याला बोलवाल तेव्हा दरडावू नका. आतापर्यंत त्याला तुमची गरज होती. 6 नोव्हेंबरपासून तुम्हाला त्याची आहे. तुम्ही आज गेलात तर सज्ञान झाल्यावर तो एकटाच रिकव्हरी करून सगळं मोकळं करू शकतो, त्यामुळे नुसतं थांबून राहणंही त्याला परवडतं. प्रथा अशी की बाप हयातीत मुलाला वार्षिक रक्कम बांधून देतो, त्याचं खरं कर्ज फेडतो, आणि मुलगा रिकव्हरीत सामील होतो. मग नवं सेटलमेंट होतं : तुम्ही हयातभर, नंतर तो हयातभर, नंतर त्याचा अजून न जन्मलेला मुलगा. त्यात दोन शेतं विकण्याचा, सावकाराला नवं आणि खरं तारण देण्याचा, मुलीसाठी रक्कम उभी करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. वार्षिक रकमेत हात आखडू नका, आणि मुलाला स्वतःचा वकील घेऊ द्या. बापाच्या धाकाने केलेली सही पुढे वादात सापडते.

कोणती दोन शेतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या पत्नीने 4,000 पौंड आणले आणि तुमच्यानंतर तिला वर्षाला 400 मिळायचे आहेत, म्हणजे नेहमीचाच हिशेब. पण ते 400 जर याच शेतांवर बसवलेले असतील तर तुमच्या दोघांच्या रिकव्हरीने तिचा हक्क हलत नाही. तिला वेगळी फाइन द्यावी लागेल, आणि न्यायाधीश तिला एकटीला बाजूला घेऊन विचारतील की हे राजीखुशीने आहे ना. तिला आजच सांगून ठेवा.

मुलीच्या 2,500 बद्दल मी बेताने बोलतो. सेटलमेंटमध्ये तिच्यासाठी रक्कम उभी करायला विश्वस्तांना जमिनीवर 500 वर्षांच्या मुदतीचा हक्क दिला आहे, पण तो तुमच्या मृत्यूनंतर सुरू होतो, असं तुमच्या नकलेवरून दिसतं. बाप जिवंत असताना अशी रक्कम उभी करता येते का, यावर चॅन्सरीचे निकाल एका सुरात नाहीत. शब्द जसे असतील तसं ठरतं, आणि नकलेतले शब्द मी धरत नाही. व्याह्यांना सांगा की थोडे नाताळला, उरलेले नव्या सेटलमेंटनंतर, तोवर व्याज. नाही म्हणाले तर त्यांचं लक्ष मुलीपेक्षा दुसरीकडे आहे.

सोनाराकडचं दुसरं गहाण मात्र साफ नाही. तुम्ही लिहिता की नॉरफॉकमध्ये दस्तांची नोंदणी नाही, त्यामुळे पहिलं गहाण त्याला कळणार नाही. नोंदणी मिडलसेक्समध्ये आणि यॉर्कशायरच्या वेस्ट आणि ईस्ट रायडिंगमध्येच आहे, हे खरं. म्हणूनच तर विल्यम आणि मेरीच्या काळात, 1692 साली, कायदा झाला : पहिलं गहाण लेखी न कळवता दुसरं काढणाऱ्याचा जमीन सोडवण्याचा हक्कच जातो. असला विचार पुन्हा कागदावर उतरवू नका. पत्रं कोर्टात वाचली जातात.

सावकाराने 5,000 लिहून घेऊन हातात 4,800 दिले, असंही तुम्ही म्हणता. सप्टेंबर 1714 पासून शेकडा पाचाच्या वर व्याज घेणं बेकायदा आहे. करार रद्द होतो आणि तिप्पट दंड बसतो. पण ते 200 म्हणजे व्याज की दलाली, हे साक्षीवर ठरेल आणि दलालही त्याचाच माणूस निघेल. धाक म्हणून मुद्दा ठेवा, दावा म्हणून नको.

ओकांबद्दल बघा : तुमच्या सेटलमेंटमध्ये ‘नासधुशीचा जाब न विचारता’ ही सवलत आहे का? असेल तर रानातलं जाणतं लाकूड तोडा, पण वाड्यापुढची रांग आणि वाड्याला आडोसा देणारी झाडं सोडा. डरहॅममध्ये लॉर्ड बार्नार्ड यांच्याकडेही हीच सवलत होती. मुलावर चिडून त्यांनी दोनशे मजूर लावले आणि थोड्या दिवसांत रेबीच्या गढीतलं शिसं, लोखंड, काचा, दारं, फळ्या असा 3,000 पौंडांचा ऐवज उपसून काढला. 1716 साली चॅन्सेलर कूपर यांनी त्यांना थांबवलं आणि गढी होती तशी करून द्यायला लावली. सवलत होती म्हणून वाचले नाहीत. तुमच्या परगण्यात वॉलपोलसाहेबांनी यंदा नव्या वाड्याचा पाया घातला आहे, त्यामुळे लाकडाला भाव येईल असं तुम्ही लिहिता; येवो, पण पैसे थेट सावकाराला जाऊ द्या.

चॅन्सरीत स्वतःहून जाऊ नका. तिथे हिशेब मास्टरकडे, म्हणजे कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे जातो, आणि मास्टरकडे गेलेला हिशेब तुमच्या नातवाला बघायला मिळतो. शिवाय पक्षकारांचे पैसे मास्टरांच्याच हातात असतात. डॉर्मर नावाचे एक मास्टर बुडबुड्याच्या साली पैसे बुडवून परागंदा झाले. वकीलमंडळी दबक्या आवाजात बोलतात, पण बोलतात. सावकाराने जप्तीचा दावा लावला तर उत्तर देऊ. तोवर दर सहामाहीचं व्याज चुकवू नका, मग ओक तोडूनच का होईना.

धाकट्याला मुंबईला जाऊ द्यायचं तर सज्ञान भावाच्या सेटलमेंटमध्ये त्याचाही हिस्सा लिहून घ्या, आणि मगच जहाजावर चढवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या रायटरचा, म्हणजे कारकुनाचा, पगार वर्षाला 5 पौंड. बाकीची कमाई स्वतःच्या व्यापारातून, आणि त्याला भांडवल लागतं. गेल्या डिसेंबरात कंपनी आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आंग्र्यांशी लढायला गेले आणि हात हलवत परत आले. त्या समुद्रावरच्या व्यापारातल्या नफ्यावर घरखर्चाचं गणित मांडू नका.

सप्टेंबर अखेरीपर्यंत मला पाठवा : सेटलमेंटची मूळ प्रत, गहाणखत, आणि फाइन झाली असल्यास तिचा उतारा. विश्वस्तांपैकी कोण हयात आहे ते कळवा. मुलाच्या वयाचा पुरावाही लागेल. चर्चच्या वहीतली बाप्तिस्म्याची तारीख पुरणार नाही, ती जन्माची तारीख नसते. सुईण जिवंत असेल तर तिचं नाव लिहा.