लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हमध्ये २० वर्षं टिकेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: स्टुडिओवाल्यानं लग्नाचा व्हिडिओ आणि फोटो ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये दिलेत, तो तिजोरीत ठेवला तर २० वर्षांनी चालेल का? तेवढ्या एकाच पेनड्राइव्हवर विसंबून राहणार असाल तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. चालला तर चालला, पण लग्नाचं शूटिंग नशिबावर सोडू नका.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरतात ती चिपवाली डिस्क) या सगळ्यांत नँड फ्लॅश नावाची, वीज नसतानाही माहिती धरून ठेवणारी चिप असते. तिच्यातली माहिती म्हणजे अब्जावधी सूक्ष्म कप्प्यांत कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. कप्प्याभोवतीचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा, त्यामुळे ते सावकाश पाझरत राहतात. जुन्या एसएलसी प्रकारच्या चिपमध्ये एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे ० किंवा १ एवढीच माहिती असायची. आताच्या टीएलसी प्रकारात ३ बिट, म्हणजे ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, क्यूएलसीत १६. दुधाचं माप डोळ्यांसमोर आणा. माप भरलेलं की रिकामं एवढंच बघायचं असेल, तर घोटभर सांडून काही बिघडत नाही. त्याच मापावर १६ खुणा आखल्या, की तेवढ्याच घोटानं दूध खालच्या खुणेवर येतं. थोड्या चुका आतला कंट्रोलर, म्हणजे चिपचा कारभार बघणारा भाग, दुरुस्त करतो. त्या त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या, की फोटोचा खालचा अर्धा भाग करडा दिसतो, व्हिडिओ एका जागी अडकतो. आणि कंट्रोलरच गेला, तर चिप धड असूनही काहीच उघडत नाही. बिघडणारी हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी टकटक करते, पेनड्राइव्ह तेवढीही सूचना देत नाही.

ही गळती दोन गोष्टींनी वाढते: उष्णता आणि वापर. दर वेळी पुसून लिहिताना तो पातळ थर झिजतो. एसएसडीसाठी जेडेक या चिप उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे: लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीनं वीज नसताना ३० अंशांना १ वर्ष माहिती धरून ठेवली पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीला ४० अंशांना फक्त ३ महिने. नवीन, कमी वापरलेली चिप याहून कितीतरी जास्त काळ धरते, पण पेनड्राइव्हमध्ये बऱ्याचदा हलक्या प्रतीची चिप असते आणि पाकिटावर टीएलसी की क्यूएलसी हे लिहिलेलंही नसतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा माळा किंवा उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड, या दोन जागा टाळाच.

‘वर्षातून एकदा लावून काढला की ताजा होतो,’ असं खूप जण सांगतात. एसएसडी चालू राहिली तर ती स्वतः जुना डेटा नव्यानं लिहू शकते. साध्या पेनड्राइव्हकडून ती अपेक्षा धरू नका. त्याला ताजं करायचं तर सगळं हार्ड डिस्कवर उतरवा, उघडून तपासा, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करून पुन्हा लिहा. दर दोन वर्षांनी एवढं पुरे.

पण खरा उपाय म्हणजे प्रती वाढवणं. १ टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या. कॉपी करायच्या आधी सेव्हन-झिप या प्रोग्रॅमनं प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा लांबलचक कोड) काढून एका टेक्स्ट फाइलमध्ये जपा. कॉपी झाल्यावर तो पुन्हा काढून जुळवा. पुढेही वर्षातून एकदा हेच करायचं. एक अक्षर जरी वेगळं आलं तर ती फाइल बदललीय, दुसऱ्या डिस्कवरून लगेच घ्या. शिवाय विनरार या प्रोग्रॅममध्ये ‘स्टोअर’ पद्धतीनं (फाइली न दाबता), १० टक्के रिकव्हरी रेकॉर्ड, म्हणजे दुरुस्तीसाठीची जादा माहिती, टाकून एक संच करा, म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी दुरुस्त होतो. ब्लू-रे रायटर मिळत असेल तर २५ जीबीच्या तीन एम-डिस्कमध्ये (दीर्घकाळ टिकावी म्हणून बनवलेली ब्लू-रे डिस्क) तुमचे ६४ जीबी बसतात. क्लाउड ही जादा प्रत समजा: गूगलवर फुकट १५ जीबीच मिळतात आणि २ वर्षं न वापरलेलं खातं ते पुसू शकतात.

दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवू नका, हे कोल्हापूरकरांना तरी वेगळं सांगायला नको. पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या घरांत शिरलं, तिथे तिजोरीनं काही वाचवलं नसतं. दुसरी डिस्क पुण्याला बहिणीकडे किंवा पूररेषेबाहेरच्या नातेवाइकांकडे द्या. पावसाळ्यासाठी हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घाला, ती ओली पडली की बदला.

आत्ता पेनड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर हो म्हणू नका आणि चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधनही चालवू नका, कारण दोन्ही त्याच्यावर लिहू शकतात. दुसरं पोर्ट, दुसरा कॉम्प्युटर बघा. दिसला तर फोल्डर उघडून बघत बसण्याआधी सगळं एकदम कॉपी करा. अधूनमधून अडकत असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं आधी पूर्ण इमेज, म्हणजे पेनड्राइव्हची जशीच्या तशी एका फाइलमधली प्रत, काढा आणि त्या इमेजवरच फाइली शोधा. अजिबातच दिसत नसेल तर तो सारखा काढून-घालून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि आजच स्टुडिओला फोन करून मूळ फुटेज अजून त्यांच्याकडे आहे का विचारा. लग्नाच्या नव्या सीझनला जागा हवी म्हणून ते डिस्क रिकाम्या करतात.