मल्टिमीटरवर रोधक दिसणारं कार्बनयुक्त प्लास्टिक 10 गिगाहर्ट्झला वाहक कसं होतं?

उपकरणावर लगेच संशय घेऊ नका, तुमची दोन्ही मोजमापं खरी असू शकतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक कार्बनची पूड) घालून मोल्ड केलेल्या पट्टीवर मल्टिमीटर 'ओएल' (रोध मोजण्याच्या पलीकडे) दाखवतो आणि वेव्हगाइडमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत, तीच पट्टी वाहक निघते, असा तुमचा प्रश्न आहे. अशा पट्ट्या मोजणं हे माझं रोजचं काम.

कार्बनचे कण सगळीकडे एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये काही नॅनोमीटर प्लास्टिक राहतं. डीसी करंट ते टनेलिंगनंच, म्हणजे इलेक्ट्रॉन पातळ रोधकातून क्वांटम परिणामानं पार होऊन, ओलांडतो, आणि फट जराशी रुंदावली की तेही जवळजवळ बंद पडतं. पण तीच फट एक चिमुकला कपॅसिटरही असते. फटीचा रोध 1 मेगाओहम आणि कपॅसिटन्स 1 फेम्टोफॅरड धरा. साधारण 160 मेगाहर्ट्झच्या वर करंटला कपॅसिटरची वाट सोपी पडते. ऊर्जा तिथं जळत नाही, ती जळते पलीकडच्या कार्बनच्या झुपक्यांत, जिथं डीसी पोचतच नव्हता. म्हणून मोजलेली वाहकता वाढते. फटी लहानमोठ्या असल्यामुळे हे एकदम होत नाही: वाहकता फ्रिक्वेन्सीच्या घातात चढत जाते, घातांक बहुतेक वेळा 0.6 ते 1 च्या दरम्यान. कार्बन पर्कोलेशन थ्रेशोल्डच्या (ज्या प्रमाणाला कणांची सलग साखळी तयार होते त्याच्या) बराच वर असेल, तर मात्र आलेख बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत सपाट राहतो.

आता मल्टिमीटर. मोल्डिंगमध्ये पृष्ठभागावर प्लास्टिकचा पातळ थर येतो आणि प्रोब त्यावरच टेकतो. दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा, सिल्व्हर पेस्ट लावा, मग मोजा. 'ओएल' जाऊन किलोओहम दिसू लागले, तर वरची सगळी थिअरी या पट्टीला लावायची गरजच नाही. वेव्हगाइडमध्येही नमुना भिंतींना घट्ट बसलाय ना, ते बघा. रुंद भिंतीशी केसाएवढी फट राहिली तरी परमिटिव्हिटी (मटेरियल विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतं ते) कमी येते.

शील्डिंगसाठी (लहरी अडवण्यासाठी) करत असाल तर 'वाहक' या शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. 10 गिगाहर्ट्झला 1 सीमेन्स प्रति मीटर म्हणजे परमिटिव्हिटीचा काल्पनिक भाग (ऊर्जा किती शोषली जाते ते दाखवणारा) जेमतेम 1.8, असं मटेरियल लहर थोडी शोषतं आणि बाकीची सोडून देतं. 100 सीमेन्स प्रति मीटरला स्किन डेप्थ (लहर आत किती खोल शिरते ते) अर्ध्या मिलिमीटरवर येते, आणि 2 मिलिमीटरची पट्टी नुसत्या शोषणानं 35 डेसिबलच्या आसपास देते.