कच्चं तेल स्वस्त झालं तरी मुंबईत पेट्रोल का उतरत नाही?

कारण उतरलेल्या भावाचा फायदा पंपापर्यंत यायच्या आत सरकार किंवा तेल कंपन्या ठेवून घेतात. मे २०२० आठवा. लॉकडाउनमुळे जगभर तेल मातीमोल झालं होतं आणि केंद्राने एका रात्रीत उत्पादन शुल्क पेट्रोलवर १० तर डिझेलवर १३ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा आकडा हलला नाही, म्हणून फारशी बोंबही झाली नाही! त्यात आपण तेल डॉलरमध्ये घेतो. रुपया घसरला की थोडी स्वस्ताई तिथेच विरते. वर राज्याचा व्हॅट, कारण पेट्रोल अजून जीएसटीबाहेर आहे. तो टक्क्यांत लागतोच, शिवाय महाराष्ट्रात लिटरमागे काही रुपये ठरीव, तेल कितीही पडो. इंडियन ऑइल दिल्लीच्या दराची फोड प्रसिद्ध करते, ती एकदा बघाच. मुंबईचा हिशेब साधारण तसाच, कर वेगळा.

फक्त एक: हे एकतर्फी नाही. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे तेल भडकलं, तेव्हा एप्रिलनंतर कंपन्यांनी दर गोठवून काही महिने तोटा सोसला आणि मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपयांनी कमीही केलं.