‘पगार’ या शब्दात मीठ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजीतला ‘सॅलरी’ मिठावरून आला, कारण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं. आपला ‘पगार’ही मूळचा लॅटिन आहे म्हणतात, तेव्हा त्यातही मीठच असणार. ऑफिसातला मित्र मात्र म्हणतो की ‘पगार’ अस्सल संस्कृत आहे, आणि यावर तुमची वडापावची पैज लागली आहे.

मी काही भाषेचा पंडित नाही. नोकरीतली बहुतेक वर्षं पगारपत्रकं तयार करण्यात गेली आणि निवृत्तीनंतर पणजीला बहिणीकडे मुक्काम असताना हौसेनं पोर्तुगीज शिकलो. त्यामुळे या शब्दाची आणि माझी ओळख दोन्ही अंगांनी आहे.

पगार पोर्तुगीजमधून आला. तिकडे ‘पगार’ हे क्रियापद आहे, अर्थ ‘पैसे देणे, चुकते करणे’. बोलताना पहिला ‘प’ जरा गिळतात आणि सगळा जोर ‘गार’वर देतात, म्हणून आपल्याकडेही तो ‘पागर’ न होता ‘पगार’ झाला. आपण क्रियापद उचललं आणि त्याचं नाम केलं. ‘आमचं देणं राहिलंय’ असं म्हणणाऱ्या भाषेला यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. गंमत अशी की खुद्द पोर्तुगालमध्ये महिन्याच्या पगाराला पगार म्हणत नाहीत. तिथे ‘सालारियु’ म्हणतात, म्हणजे मीठ तिकडेच राहिलं.

पोर्तुगीज ‘पगार’च्या मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे. दोन स्वरांमधल्या ‘क’चा ‘ग’ होणं आपल्याला नवं नाही. मकराची मगर अशीच झाली. हा ‘पाकारे’ आला ‘पाक्स’पासून, आणि ‘पाक्स’ म्हणजे शांतता. इंग्रजी ‘पीस’ तोच. म्हणजे पगार म्हणजे मुळात शांत करणे!

आता ही शांती कसली, ते बघण्यासारखं आहे. रोमन सेनापती ज्युलियस सीझर गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) स्वाऱ्यांबद्दल लिहिताना ‘सगळा गॉल शांत केला’ अशा अर्थी हेच क्रियापद वापरतो. शांत केला म्हणजे तलवारीनं वठणीवर आणला. आपल्याकडे ज्याला ‘बंदोबस्त केला’ म्हणतात, तसलंच हे. बंदोबस्त हा शब्दही आतून उघडून बघा: फारसीत ‘बंद’ आणि ‘बस्त’ दोन्हींचा अर्थ बांधणं. बांधाबांध केली की शांतता. ही बांधाबांध लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

रोमन साम्राज्य मोडकळीला आल्यावर लोकांच्या बोलीतल्या लॅटिनमध्ये हा शब्द रणांगणावरून उतरून बाजारात आला. दारात उभा असलेला घेणेकरी आरडाओरडा करतोय, त्याला शांत कसं करायचं? पैसे देऊन. एवढ्या एका पायरीवर ‘शांत करणे’चं ‘पैसे देणे’ झालं. तिथून पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये ‘पगार’, इटालियनमध्ये ‘पागारे’, फ्रेंचमध्ये ‘पेये’ आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘पे’. इंग्रजीत ‘पे’ नवा होता तेव्हा त्याचा अर्थ ‘खूश करणे, समाधान करणे’ असाही होता. रुमानियन मात्र लॅटिनचीच लेक असून या वाटेनं गेली नाही. पैसे देण्यासाठी तिनं शेजारच्या स्लाव्ह भाषेतला शब्द घेतला आणि ‘पाक्स’च्या घरातल्या क्रियापदाला समेट करण्याच्या कामावरच ठेवलं.

हा अर्थबदल कुणाला ओढूनताणून वाटत असेल तर मराठीतलं ‘भागवणे’ घ्या. तहान भागवतो, भूक भागवतो आणि देणंही भागवतो. तीच कल्पना, पण कुणी कुणाकडून उचललेली नाही. ‘कर्ज फारीक केलं’ यातला ‘फारीक’ अरबी आहे, त्याचा अर्थ मोकळा. कोकणीत तर पैसे चुकते करण्याला आजही ‘फारीक करप’ म्हणतात, आणि महिन्याच्या पैशांना ‘पगार’च. इंग्रजी ‘क्विट’ हाही असाच, लॅटिनमधल्या ‘शांत, निवांत’ अशा शब्दापासून निघालेला, देण्यातून सुटलेला. घेणेकऱ्याच्या तगाद्यानं जगभर सगळ्यांचंच डोकं उठलेलं असणार!

हे सगळं मला वाचून नव्हे, फजिती होऊन कळलं. वर्ग संपल्यावर बाई निघताना मला म्हणाल्या, ‘अपागा अ लूश’. मी शेवटच्या बाकावर, बटणांच्या शेजारी. ‘लूश’ म्हणजे दिवा, उजेड, वीज, एवढं येत होतं. ‘पागा’ म्हणजे पैसे दे, हेही येत होतं. मला वाटलं बाई लाईटबिल भरायला सांगतायत. फी भरली, आता बिलही आम्हीच भरायचं? मी तसं विचारलं आणि वर्ग हसून लोळला. ‘पागा अ लूश’ म्हणजे खरंच विजेचं बिल भर, पण सुरुवातीला एक ‘अ’ लागला की अर्थ ‘दिवा घालव’. या ‘अपगार’मध्ये जुना अर्थ जसाच्या तसा राहिला आहे: ज्योत शांत करणे. आपणही दिवा ‘शांत झाला’ म्हणतोच की.

त्याच घराण्यातला एक मोठा नमुना नकाशावर आहे. फर्डिनांड मॅगेलन, जन्मानं पोर्तुगीज, नोकरीला स्पेनच्या राजाकडे, 1520 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाची वादळी सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे गेला. तिथलं पाणी त्याला निवांत वाटलं, म्हणून तो समुद्र ‘पॅसिफिक’. मराठीत आपण त्याला प्रशांत म्हटलं, भाषांतर अगदी चोख. पण आवाजावर गेलात तर प्रशांत महासागराचा सख्खा भाऊबंद तुमच्या पगारपत्रकात बसलाय.

आता तुमच्या मित्राकडे वळू. पगार संस्कृत नाही, हे नक्की. पण ‘पाक्स’च्याही मागे गेलं तर ‘घट्ट बसवणे, जखडणे’ अशा अर्थाचं एक फार जुनं मूळ लागतं. दोन पक्षांना बांधणारा करार तो ‘पॅक्ट’, आणि करार झाला की शांतता. (पुस्तकाचं ‘पेज’सुद्धा याच मुळाचं.) संस्कृतच्या बाजूनं याच मुळापासून आलेला शब्द कोणता, तर ‘पाश’. म्हणजे दोरी, फासा. मराठीतले फास आणि फाशी त्याच पाशाचे. तेव्हा पगार आणि फास हे लांबचे चुलतभाऊ आहेत. पंचवीस तारखेनंतर हे सांगायला व्युत्पत्तीची गरज पडत नाही म्हणा, पण भाषाशास्त्राचाही त्याला दुजोरा आहे.

आपल्याकडे पगाराला शब्द नव्हता असं अजिबात नाही. वेतन होतंच. दप्तरांमध्ये मुशाहिरा आहे, ज्यात अरबी ‘महिना’ दडलाय. दरमहा आहे, रोजमुरा आहे, तनखा आहे. मग परका पगार कसा रुजला? पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, 1534 च्या तहानं वसई त्यांच्याकडे गेली आणि 1739 पर्यंत, चिमाजीअप्पांनी जिंकेपर्यंत, त्यांच्याकडेच राहिली. दोनशे वर्षं किनाऱ्यावरची माणसं त्यांच्या गलबतांवर, किल्ल्यांवर आणि गोद्यांमध्ये राबली. माझा आपला कयास असा की गावात बलुतं धान्याच्या रूपात मिळायचं, मुशाहिरा नि तनखा हे शब्द दरबारी माणसांचे. हातावर पोट असलेल्या खलाशानं मालकाच्या तोंडून जे ऐकलं तेच उचललं. गुजरातीतही पगारच म्हणतात, आणि दीव-दमणही पोर्तुगीजांकडेच होते.

राहिलं मीठ. ‘सॅलरी’चा मूळ लॅटिन शब्द ‘सालारियुम’, आणि तो मीठ या शब्दापासूनच बनलाय, त्यात वाद नाही. वाद आहे तो गोष्टीबद्दल. सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवायचे असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी मिठाचं कौतुक करताना या शब्दाचा मिठाशी संबंध जोडतो, पण वाटप कसं व्हायचं ते काही सांगत नाही. रोमन सैनिकाला नाणी मिळत; ऑगस्टसच्या काळी साध्या शिपायाला वर्षाला 225 देनारियुस, म्हणजे चांदीची नाणी. त्या पैशाला म्हणत ‘स्टिपेंडियुम’, म्हणजे आपल्या निवासी डॉक्टरांचा स्टायपेंड. ‘खाल्ल्या मिठाला जागणारे’ आपण, त्यामुळे मिठाची ती गोष्ट आपल्याला चटकन पटते आणि व्हॉट्सॲपवर फिरत राहते.

तेव्हा पैजेचं म्हणाल तर सॅलरीत मीठ आहे, पगारात नाही. पगार संस्कृत नाही, पण संस्कृत पाशाचा भाऊबंद आहे. एक वडापाव घ्या आणि अर्धा अर्धा करा. त्यातला पावही पोर्तुगीजांकडूनच आलाय, लॅटिन ‘पानिस’पासून, हे मित्राला शेवटचा घास खाऊन झाल्यावर सांगा, नाहीतर नवी पैज लागेल.