बास वगळला तर काय बिघडेल?

प्रश्न : जाझमधला ट्रम्पेट कळतो, सॅक्सोफोन कळतो, ड्रम्स तर कळतातच. पण तो भलाथोरला बास घेऊन मागे उभा असलेला माणूस नेमकं काय करतो, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याला वगळलं तर काय बिघडेल? मागे तुम्ही जॉनी डायनी या बासवाल्याचं नुसतं नाव घेऊन पुढे गेला होतात, त्याच्याबद्दलही लिहा. – एक वाचक

उत्तर : आधी सांगा, ऐकता कशावर? फोनच्या स्पीकरवर असेल, तर बासवाल्याला दोष देऊ नका. डबल बासची सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. तो खर्ज एवढ्याशा स्पीकरला झेपतच नाही. मीही डायनी पहिल्यांदा असाच ऐकला आणि ‘ठीक आहे’ म्हणून बाजूला ठेवला. पुढे हेडफोन लावून ऐकला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

डायनी दक्षिण आफ्रिकेतला. ईस्ट लंडन या बंदरातल्या (नावावर जाऊ नका, इंग्लंड तिथून हजारो मैल दूर) डंकन व्हिलेज या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढला. विशीच्या आसपास तो ‘ब्लू नोट्स’ या जाझच्या ताफ्यात होता. पियानोवरचा ख्रिस मॅकग्रेगर गोरा, बाकीचे पाचही जण काळे. वर्णभेदाच्या राज्यात असा ताफा कुठे वाजवणार? १९६४मध्ये फ्रान्समधल्या आंतिबच्या महोत्सवाचं निमित्त मिळालं आणि सगळे देशाबाहेर पडले. टेनर सॅक्सोफोनवाला निकेले मोयाके तेवढा मायदेशी परतला. बाकीचे आधी स्वित्झर्लंड, मग लंडन. डायनी १९६६मध्ये स्टीव्ह लेसी या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याबरोबर थेट ब्युनोस आयर्सला जाऊन वाजवून आला, आणि नंतर डेन्मार्क-स्वीडनकडे स्थिरावला.

आता तुमचा कान. ‘गुड न्यूज फ्रॉम आफ्रिका’ ही १९७३ची रेकॉर्ड घ्या. माणसं दोनच, डायनी आणि पियानोवर डॉलर ब्रँड, म्हणजेच आजचे अब्दुल्ला इब्राहिम, तेही दक्षिण आफ्रिकेतलेच. ड्रम्स नाहीत, त्यामुळे बासला लपायला जागा नाही. पहिलीच रचना न्त्सिकाना या, तिथल्या खोसा समाजातल्या संताच्या जुन्या स्तोत्रावरची. दोघे खोसा भाषेत गातात, एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ. देश सुटून नऊ वर्षं झालेला माणूस तिथे बोटांनी तार ओढून सोडतो, आणि त्याचा गळा कुठे संपला नि लाकूड कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. आपल्याकडे खर्ज म्हणजे मागे धरून ठेवलेला सूर. याचा खर्ज मात्र पुढे येऊन बोलतो. मोठ्या ताफ्याच्या रेकॉर्डींपासून सुरुवात करू नका, हरवाल.

वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोचा १९७७मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला. दुसऱ्याच वर्षी डायनीने ‘साँग फॉर बिको’ केली, सोबत अमेरिकन ट्रम्पेटवाला डॉन चेरी. तीही ऐकाच, पण नंतर.

आणि वगळण्याबद्दल. १९७५च्या डिसेंबरात ‘ब्लू नोट्स’मधला ट्रम्पेटवाला मोंगेझी फेझा लंडनमध्ये गेला. काही दिवसांतच उरलेले चौघे जमले आणि त्याच्यासाठी वाजवत राहिले. ती ‘ब्लू नोट्स फॉर मोंगेझी’. १९८६च्या ऑक्टोबरात पश्चिम बर्लिनमध्ये डायनी गेला. पुढच्या वर्षी मॅकग्रेगर, सॅक्सोफोनवाला डुडू पुक्वाना आणि ड्रम्सवाला लुई मोहोलो असे उरलेले तिघे ‘ब्लू नोट्स फॉर जॉनी’साठी बसले. युरोपात बासवाल्यांची काय कमी होती? पण त्यांनी कुणालाच बोलावलं नाही.

या दोन रेकॉर्डी लागोपाठ ऐका, हेडफोन लावून. दुसरीत मॅकग्रेगरच्या डाव्या हाताकडे, म्हणजे पियानोच्या खर्जाकडे, लक्ष ठेवा.